खांद्यावरची कचेरी

कचेरी म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर एक ठराविक चित्र उभें राहतें. मोठी इमारत, तिच्यांत ओळीनें मांडलेलीं टेबलें, भिंतीवर घड्याळ, दारांत शिपाई आणि दहाच्या ठोक्यास धांवतपळत येणारी माणसें. काम हें कचेरींत असतें व माणूस त्याच्याकडे जातो, अशी आपली समजूत पिढ्यान् पिढ्या होऊन बसली आहे. परंतु गेल्या कांहीं वर्षांत या समजुतीस मोठा धक्का बसला आहे. आज पुष्कळ माणसांचें काम एका पिशवींत मावतें. कोणी वाचनालयाच्या कोपऱ्यांत, कोणी रेल्वेच्या फलाटावरील बाकावर, तर कोणी चहाच्या दुकानांत लहानसा लॅपटॉप उघडून बसतो, आणि तेथून शेंकडों कोसांवरील कचेरीचें काम करितो. आमच्या बालवाचकांपैकीं कित्येकांचे वडील, आई अथवा थोरलीं भावंडें अशा रीतीनें काम करीत असतील. आणि हें काम खरें कीं नुसता फावल्या वेळचा उद्योग, असा प्रश्नही कित्येक घरांतून निघत असेल. म्हणून ही खांद्यावरची कचेरी कशी चालते, तिला खर्च किती लागतो, तिच्यापासून लाभ कोणते व धोके कोणते, याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

खरें पाहतां, कामानें माणसाबरोबर फिरावें ही गोष्ट नवी नाहीं. आपल्याकडील न्हावी आपली धोकटी काखेस मारून घरोघर जात असे. कल्हईवाला आपला भाता बरोबर घेऊनच गांवांत येई, आणि जेथें झाडाची सावली मिळे तेथें त्याची भट्टी पेटे. नव्या करारांतील ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या पुस्तकांत पौलाविषयीं असें सांगितलें आहे कीं, करिंथ शहरीं तो अक्विला व प्रिस्किल्ला यांच्या घरीं राहून तंबू करण्याचा धंदा करीत असे. ज्या धंद्याचें कसब हातांत असतें, तो धंदा माणसाबरोबर कोणत्याही गांवीं जाऊं शकतो, हेंच यावरून दिसतें. विल्यम केरी हे इंग्लंडांत असतांना जोडे शिवण्याचें काम करीत, आणि तें करतांनाच पुस्तकें जवळ ठेवून त्यांनीं अनेक भाषांचा अभ्यास केला. याच गृहस्थांनीं पुढें बंगालमधील श्रीरामपूर येथून १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण व १८१० सालीं मराठी कोश छापून काढिला. अभ्यासाची खोली नव्हती म्हणून त्यांचा अभ्यास अडला नाहीं, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

मात्र धोकटी व भाता यांत हत्यारें नेतां येतात, कचेरी नेतां येत नाहीं. कचेरींतील कागद, हिशेब, वरिष्ठांचे हुकूम व सहकाऱ्यांचा सल्ला हीं सर्व एकाच ठिकाणीं असत. म्हणून कारकुनास तेथें जाणें भाग पडे. ही अडचण दूर करण्याचा विचार प्रथम नीट मांडला तो अमेरिकेंतील जॅक निल्स यांनीं. लॉस एंजेलिस शहरांत हजारों लोक रोज मोटारींत बसून कामावर जात व त्यांचा वेळ, पेट्रोल आणि शक्ति रस्त्यांतच खर्च होई. १९७३ सालीं निल्स यांनीं असा प्रश्न केला कीं, माणसांस कामाकडे नेण्याऐवजीं टेलिफोनच्या तारेवरून कामच माणसांकडे कां नेऊं नये? या पद्धतीस त्यांनीं ‘टेलिकम्यूटिंग’ असें नांव दिलें व १९७६ सालीं तिजवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. प्रत्येकानें आपल्या घरींच बसून काम करावें, असा त्यांचा मूळ आग्रह नव्हता. घराजवळ, सहज जातां येईल अशा ठिकाणीं लहान लहान कचेऱ्या असाव्या, अशी ती कल्पना होती. या गोष्टीकडे आम्ही पुढें पुन्हा वळणार आहों.

कल्पना निघाली, तरी यंत्र तयार व्हावयास वेळ लागला. १९८१ सालीं अमेरिकेंत ‘ऑस्बोर्न-१’ नांवाचा संगणक निघाला. त्यास उचलून नेण्याजोगा म्हणत. परंतु त्याचें वजन सुमारें ११ किलोग्रॅम, पडदा अवघा ५ इंचांचा, आणि भिंतींतील विजेवांचून तो चालत नसे. त्यास खांद्यावर घेणें म्हणजे गव्हाचें लहानसें पोतें घेण्यासारखेंच होतें. खरी सोय झाली ती १९८३ सालीं. त्या वर्षीं ‘टीआरएस-८० मॉडेल १००’ हा वहीएवढा संगणक विक्रीस आला. त्याचें वजन सुमारें दीड किलोग्रॅम होतें, आणि तो खेळण्यांत घालतात तसल्या चार साध्या सेलांवर सुमारें २० तास चाले. त्याच्या पडद्यावर ४० अक्षरांच्या केवळ ८ ओळी दिसत. तथापि वार्ताहरांनीं त्यास डोक्यावर घेतलें. कारण बातमी लिहावयाची व टेलिफोनच्या तारेवरून लागलीच पाठवावयाची, ही सोय त्यांतच होती. त्याचा वेग सेकंदास ३०० बिट, म्हणजे सुमारें ३० अक्षरें इतका मंद होता. ३,६०० अक्षरांची बातमी जावयास दोन मिनिटें लागत, हा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. आजच्या मानानें हा वेग गोगलगाईचा. पण दोन मिनिटांत बातमी छापखान्याकडे पोंचते म्हटल्यावर वार्ताहरास आणखी काय पाहिजे?

यापुढें यंत्रें शक्तिमान् होत गेलीं. लहान व स्वस्त यंत्राची निकड पुन्हा लोकांच्या मनांत भरविली ती शाळकरी मुलांच्या निमित्तानें. २००५ सालीं निकोलस नेग्रोपाँटे यांनीं जगांतील गरीब मुलांकरितां १०० डॉलर किंमतीचा लॅपटॉप करण्याचा संकल्प जाहीर केला. २००७ सालीं तो तयार झाला तेव्हां किंमत दुपटीच्या आसपास गेली होती, आणि योजिल्याप्रमाणें तो कोट्यवधि मुलांच्या हातीं पोंचला नाहीं. तरी त्याचा पडदा भर उन्हांतही वाचतां येई, हा त्याचा गुण खरोखर अपूर्व होता. आपल्या महाराष्ट्रांतही रायगड जिल्ह्यांतील कर्जत तालुक्यांत, एका लहानशा वाडीच्या शाळेंत, त्याच वर्षीं त्याचा प्रयोग झाला. याच सुमारास तैवानमधील असूस कंपनीनें ‘ई पीसी’ हा ७ इंची पडद्याचा, किलोग्रॅमाहून कमी वजनाचा लॅपटॉप सुमारें ४०० डॉलरांस विकावयास काढला, आणि लहान यंत्रही मोठ्या माणसांच्या उपयोगी पडतें हें लोकांस कळून आलें. भारतांत २०२३ सालीं रिलायन्स जिओनें ‘जिओबुक’ नांवाचा ११.६ इंची लॅपटॉप १६,४९९ रुपयांस काढिला; त्याचें वजन ९९० ग्रॅम होतें. ऑस्बोर्नचे ११ किलोग्रॅम व हे ९९० ग्रॅम यांची तुलना केली म्हणजे चाळीस वर्षांत केवढें अंतर कापलें गेलें, हें ध्यानांत येईल.

आतां कोणी विचारील कीं, इतक्या लहान व स्वस्त यंत्रावर मोठ्या कचेरीचें काम होतें तरी कसें? याचें उत्तर असें कीं, जड काम बहुतेक दुसरीकडे होतें. पत्र लिहिणाऱ्यास आगगाडी विकत घ्यावी लागत नाहीं. त्यानें पत्रपेटीपर्यंत गेलें म्हणजे पुरे. त्याचप्रमाणें हिशेबाचीं बाडें, चित्रांचे संग्रह व मोठमोठी आंकडेमोड दूरच्या शक्तिमान् संगणकांवर असतात, आणि आपल्या मांडीवरील यंत्र म्हणजे त्यांत डोकावण्याची खिडकी होय. दुसरें कारण असें कीं, लिहिण्याच्या कामास जागा फारच थोडी लागते. युनिकोडच्या प्रचलित पद्धतींत देवनागरींतील एका चिन्हास ३ बाइट लागतात. त्या मानानें अडीच हजार शब्दांचा एक लेख सुमारें ५० किलोबाइटांत मावतो. उलटपक्षीं, फोननें काढलेलें एक छायाचित्र सहज ३ मेगाबाइटांचें असतें. म्हणजे एका छायाचित्राच्या जागेंत असे साठ लेख बसतील! भाषांतर, मुद्रितशोधन, पत्रव्यवहार, हिशेब, शिकवणी व संगणकाचे कार्यक्रम लिहिणें हीं कामें म्हणूनच लहान यंत्रावर उत्तम होतात. ज्यांस चलच्चित्रांची जुळणी करावयाची आहे अथवा इमारतींचे नकाशे काढावयाचे आहेत, त्यांस मात्र मोठें यंत्रच घ्यावें लागेल.

पालकांचा पुढील प्रश्न अर्थातच खरेदीचा. स्वस्त तें सगळेंच चांगलें नसतें, ही म्हण येथेंही लागू पडते. कामचलाऊ स्मृति, जिला रॅम म्हणतात, ती हल्लींच्या काळांत ४ गिगाबाइट असल्यास यंत्र लवकरच अडखळूं लागतें. ८ असल्यास साधें काम सुखानें चालतें. साठवणुकीची जागा ६४ गिगाबाइट असेल, तर यंत्रास वेळोवेळीं लागणाऱ्या सुधारणांनींच ती बव्हंशीं भरून जाते. अतिस्वस्त यंत्रांत हे दोन्ही भाग मूळ पटावर पक्के डाखलेले असतात, म्हणून मागाहून वाढवितां येत नाहींत. यास्तव घेतांनाच विचार करावा. नवें घेण्याची ऐपत नसेल तर जुनें, दुरुस्त केलेलें यंत्र घेणें कमीपणाचें नाहीं. ‘विंडोज १०’ या प्रणालीची मोफत सुधारणा ऑक्टोबर २०२५ मध्यें सामान्यतः बंद झाली, त्यामुळें पुष्कळ जुनीं यंत्रें लोकांनीं अडगळींत टाकलीं. परंतु ‘लिनक्स’ ही फुकट मिळणारी प्रणाली घातल्यास त्यांतील बरींचशीं पुढेंही काम देतात. सर्वांत आधीं मात्र कळफलक हातानें दाबून पाहावा. दिवसभर बोटें त्यावरच चालवावयाचीं असतात.

बाहेर बसून काम करणाऱ्याचा जीव बॅटरींत असतो. तिचा हिशेब फार सोपा आहे. बॅटरींत ४० वॉट-तास वीज मावत असेल व यंत्र ५ वॉट वीज खात असेल, तर तें ८ तास चालेल. तेंच १० वॉट खाऊं लागलें तर ४ तासांत बसेल. लहान यंत्रांतील प्रक्रियक मुद्दाम अल्पाहारी केलेले असतात. इंटेल कंपनीनें २०२३ सालीं काढलेला ‘एन-१००’ हा प्रक्रियक अवघ्या ६ वॉटांच्या हिशेबानें आंखलेला आहे. त्यामुळें कित्येक यंत्रांत पंखाही लागत नाहीं. खर्चाचा मोठा वांटेकरी म्हणजे पडद्याचा उजेड. तो थोडा मंद केला म्हणजे बॅटरी व डोळे या दोहोंसही विश्रांति मिळते.

यंत्र मिळालें, आतां बसावें कोठें? आमच्या मतें सर्व प्रश्नांत हाच प्रश्न कठीण आहे. मार्च २०२० मध्यें कोविडच्या साथीमुळें देशभर टाळेबंदी झाली आणि ‘घरून काम’ हा शब्द घरोघर पोंचला. ज्यांस स्वतंत्र खोली होती त्यांस तें सुखाचें झालें. परंतु मुंबईंतील जुन्या बी. डी. डी. चाळींतील खोली सुमारें १६० चौरस फुटांची असे. तितक्या जागेंत स्वयंपाक, आजारी आजी, रडणारें मूल, अभ्यास करणारी बहीण आणि कचेरीची सभा हीं सर्व एकाच वेळीं कशीं मावावीं? अशा घरांस सार्वजनिक जागा ही चैन नसून गरज आहे. वरळीस पोदार रुग्णालयाजवळील सुदाम काळू अहिरे मार्ग हा रस्ता ‘अभ्यास गल्ली’ या नांवानें ओळखला जातो. आसपासच्या चाळींतील मुलें कित्येक दशकें तेथें झाडांखालीं व रस्त्यावरील दिव्यांखालीं बसून परीक्षांचा अभ्यास करीत आलीं. घरांत जागा नव्हती, ती त्यांस रस्त्यानें दिली.

अशा कामास सर्वांत योग्य जागा म्हणजे सार्वजनिक वाचनालय. या बाबतींत आपला प्रांत दरिद्री नाहीं. नाशिकचें सार्वजनिक वाचनालय १८४० सालचें, तर पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ सालचें आहे. १९६७ सालीं महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला व गांवोगांवच्या ग्रंथालयांस सरकारी साहाय्य मिळण्याची सोय झाली. निल्स यांनीं घराजवळील कचेरीची जी कल्पना केली, ती आपल्याकडे वाचनालयांच्या रूपानें अर्धीअधिक तयारच आहे. तीस दोन-चार मजबूत टेबलें, विजेच्या कांहीं खुंट्या व बिनतारी जाळें एवढ्यांचीच जोड हवी. विशेषतः मुली व स्त्रिया यांस रात्रीं-अपरात्रीं कोठेंही बसणें सोयीचें नसतें. उजेड, स्वच्छता व चार सभ्य माणसांचा शेजार असलेली जागा त्यांस वाचनालयांतच मिळूं शकते. ज्या गांवांत वाचनालय ओस पडलें आहे, तेथील पालकांनीं हा विषय पुढच्या वार्षिक सभेंत अवश्य काढावा.

दुसरी जागा रेल्वे स्टेशन. रेलटेल या सरकारी कंपनीनें गूगलच्या साहाय्यानें जानेवारी २०१६ मध्यें मुंबई सेंट्रल येथें लोकांकरितां वाय-फाय सुरू केलें. जून २०१८ पर्यंत अशीं ४०० स्टेशनें झालीं. गूगलनें २०२० सालीं अंग काढून घेतल्यावरही रेलटेलनें काम पुढें चालविलें व स्टेशनांची संख्या सहा हजारांच्या वर गेली. केरळांतील एका हमालानें ओझीं वाहतांना कानांत यंत्र घालून, याच वाय-फायवरून मिळणारे धडे ऐकून, सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी केल्याची वार्ता २०१८ सालीं वर्तमानपत्रांतून आली होती. त्याच्यापाशीं लॅपटॉपही नव्हता, साधा फोन होता. डिसेंबर २०२० मध्यें केंद्र सरकारनें ‘पीएम-वाणी’ योजनेस मंजुरी दिली. तिच्या योगें लहान दुकानदारास अथवा चहावाल्यासही परवान्यावांचून आपल्या दुकानांतून वाय-फाय पुरवितां येतें. चालत्या गाडींत मात्र जाळ्यावर विसंबूं नये. मुंबईहून पुण्यास जातांना कर्जत सोडून गाडी घाट चढूं लागली कीं बोगद्यामागून बोगदे येतात व जोडणी वारंवार तुटते. अनुभवी माणूस आपले कागद आधींच यंत्रांत उतरवून घेतो, बोगद्यांत शांतपणें लिहितो, आणि लोणावळ्यास गाडी थांबली म्हणजे लिहिलेलें पाठवून देतो.

सार्वजनिक वाय-फाय म्हणजे गांवची विहीर होय. पाणी सर्वांचें, पण त्यांत कोणी काय टाकलें आहे हें पाहिल्यावांचून पिऊं नये. ठग लोक दुकानाच्या नांवासारखेंच नांव देऊन आपलें खोटें जाळें पसरतात व त्यांत शिरणाऱ्यास बनावट पानांकडे नेऊन त्याचे परवलीचे शब्द काढून घेतात. म्हणून जाळ्याचें खरें नांव दुकानदारास विचारून घ्यावें. पानाचा पत्ता अक्षर न् अक्षर तपासावा. बँकेचा व्यवहार शक्यतों आपल्या फोनच्या जोडणीवरून करावा, आणि महत्त्वाच्या खात्यांस दुहेरी कुलूप लावावें. परंतु जाळ्यावरील चोरापेक्षां शेजारच्या बाकावरील चोर अधिक जवळ असतो. चहा आणावयास उठतांना यंत्र टेबलावर तसेंच टाकून जाऊं नये. यंत्रास परवलीचा शब्द असावा, आंतील मजकूर सांकेतिक लिपींत बंद केलेला असावा, आणि कामाची एक प्रत नेहमीं दुसरीकडे असावी. म्हणजे यंत्र गेलें तरी काम जात नाहीं. तसेंच, दुसऱ्याच्या पैशाअडक्याच्या अथवा आजाराच्या गोष्टी चारचौघांत मोठ्यानें बोलणें हा विश्वासघात आहे. भिंतींस कान असतात म्हणतात. येथें तर भिंतीही नसतात.

जाळ्याच्या खर्चाविषयींही थोडें सांगणें जरूर आहे. लिहिलेला मजकूर पाठविण्यास जवळजवळ कांहींच लागत नाहीं. खर्च होतो तो चित्रासह बोलण्यांत. अशा संभाषणास सेकंदास दीड मेगाबिट लागतात असें धरलें, तर आठ बिटांचा एक बाइट या हिशेबानें तासास सुमारें ६७५ मेगाबाइट होतात. म्हणून केवळ आवाजानें काम भागत असेल तेव्हां चित्र बंद ठेवावें. पैसा वांचतो, बॅटरी टिकते, आणि शेजाऱ्यांसही आपल्या सभेचें प्रदर्शन पाहावें लागत नाहीं.

यावरून शिष्टाचाराचा विषय निघतो. सार्वजनिक जागा सर्वांची असते, याचा अर्थ ती आपल्या एकट्याची नसते. चहाच्या दुकानांत एका पेल्यावर चार माणसांचें टेबल दिवसभर अडवून बसणें हें त्या दुकानदाराच्या पोटावर पाय देणें आहे. गर्दीची वेळ झाली कीं उठावें. बराच वेळ बसावयाचें असल्यास पुन्हा कांहीं मागवावें. वीज घेण्यापूर्वीं विचारावें. तार वाटेंत पसरून कोणास अडखळवूं नये. वाचनालयांत बोलण्यासाठीं बाहेर यावें, व स्टेशनावर म्हाताऱ्या माणसास बाकावर जागा द्यावी. ज्या टेबलावर आपण पांच तास काम केलें, तें पुसून ठेवण्यास पांच सेकंदही लागत नाहींत.

शरीराकडेही दुर्लक्ष करूं नये. लहान लॅपटॉपचा मोठा दोष म्हणजे त्याचा पडदा खालीं असतो व मान त्याकडे वांकते. त्याखालीं दोन जाड पुस्तकें ठेवून निराळा स्वस्त कळफलक जोडला, तर मान सरळ राहते. दर २० मिनिटांनीं २० सेकंदपर्यंत २० फुटांवरील वस्तूकडे पाहावें, हा डोळ्यांस विसावा देण्याचा नियम मुलांस सहज पाठ होण्यासारखा आहे.

परंतु या कचेरीचा सर्वांत मोठा धोका निराळाच आहे. इमारतींतील कचेरीस दार असे, आणि तें सायंकाळीं बंद होई. खांद्यावरच्या कचेरीस दार नाहीं. ती जेवणाच्या पाटापाशीं येते, देवळाच्या अथवा चर्चच्या पायरीपर्यंत येते, आणि आजारी मुलाच्या उशाशींही येऊन बसते. सहा दिवस काम करून सातव्या दिवशीं विसावा घ्यावा ही आज्ञा ज्या काळीं दिली गेली, त्या काळीं लॅपटॉप नव्हता. पण मनुष्यस्वभाव हाच होता. कामास कोठेंही नेतां येऊं लागलें, तेव्हां त्यास कोठें न न्यावें हें ठरविण्याची जबाबदारी आपल्यावर आली आहे. आमच्या मतें प्रत्येक घरानें एक वेळ ठरवावी कीं, त्यानंतर यंत्र पिशवींत जाईल. बाप मुलांस फोन ठेवावयास सांगतो आणि स्वतः पडद्यांतून मान वर काढीत नाहीं, अशा घरांत उपदेशाचा उपयोग होत नाहीं.

आमच्या विद्यार्थिमित्रांस शेवटीं दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली अशी कीं, तुमची आई अथवा वडील बागेंतल्या बाकावर वा वाचनालयांत बसून काम करीत असतील, तर त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. कामाची प्रतिष्ठा खुर्चीवरून ठरत नाहीं. तें वेळेवर, नीट व प्रामाणिकपणें झालें कीं नाहीं यावरून ठरते. देखरेख करणारा साहेब समोर नसतां जो आपलें काम चोख करितो, त्याची परीक्षा अधिक कठीण असते. दुसरी गोष्ट अशी कीं, सर्वांसच आपलें काम खांद्यावर घेऊन फिरतां येत नाहीं. मोटरमनला गाडींतच असावें लागतें, परिचारिकेस रुग्णाजवळच जावें लागतें, फलाट झाडणारी बाई घरून फलाट झाडूं शकत नाहीं. लॅपटॉप उघडून बसणाऱ्याची जागा स्वच्छ राहते, त्याचा चहा गरम येतो व त्याची गाडी वेळेवर सुटते, ती या मंडळींच्या श्रमांमुळें. त्यांच्याशीं अदबीनें बोलावें, आणि त्यांच्या मुलांसही बसावयास उजेडाची व शांततेची एक जागा आपल्या गांवांत असावी, याकरितां झटावें. पंधरावीस हजारांचें यंत्र आज पुष्कळांस घेतां येतें. परंतु बसावयाची चांगली जागा कोणा एकट्यास विकत घेतां येत नाहीं. ती सर्वांनीं मिळून उभारावी लागते व सर्वांनीं मिळून जपावी लागते.